पार्लरमधल्या सुया, ब्लेड आणि रक्त लागलेला कापूस: नवीन मुलींसाठी माझा अनुभव

ओला-सुका कसा वेगळा करायचा हे तुम्हाला सांगायची गरज नाही, केस, थ्रेडिंगचा दोरा, वॅक्सच्या पट्ट्या कुठे टाकायच्या तेही सगळ्यांना माहिती असतं. मी लिहितेय ते त्याच्या पुढचं, म्हणजे जिथे कातडी फुटते आणि रक्त येतं तिथल्या कचऱ्याबद्दल. क्लीनअप करताना व्हाइटहेड काढायला वापरलेली लॅन्सेट म्हणजे टोचायची छोटी सुई, चेहऱ्यावरची बारीक लव काढायचं डर्माप्लेनिंगचं ब्लेड, पेडिक्युअरला टाचेची जाड कातडी काढायचं ब्लेड, नाक-कान टोचायची सुई, भुवयांच्या कातडीत रंग भरायचं मायक्रोब्लेडिंगचं टूल, पीएमयू म्हणजे परमनंट मेकअपच्या मशीनची सुयांची कार्ट्रिज, कातडीला बारीक छिद्रं पाडणाऱ्या डर्मापेनची टिप, आणि या सगळ्याबरोबर रक्ताचे ठिपके लागलेला कापूस, गॉज आणि ग्लोव्हज. हल्ली तालुक्याच्या गावातल्या पार्लरमध्येही हे सगळं आलंय, दोन-तीन दिवसांचे कोर्स आहेत, सर्टिफिकेट मिळतं, भुवया कशा भरायच्या ते शिकवतात, पण काम झाल्यावर ती सुई कुठे जाते यावर पाच मिनिटंसुद्धा कुणी बोलत नाही.

माझं शिक्षण पुण्यात एका सलूनमध्ये हाताखाली काम करत झालं. तिथे व्यवस्था होती, हे आधी सांगते. पिवळी बादली, लाल बादली, आणि पांढरा झाकणाचा डबा, सगळं होतं. आणि तिथल्या मॅडमनी शिकवलेला नियम होता की प्लास्टिक दिसलं की लाल, कापूस दिसला की पिवळी, नुसती सुई किंवा ब्लेड असेल तर पांढरा. ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना, मलाही वाटलं, सगळ्या मुली तसंच करत होतो. मग एक दिवस साफसफाईच्या मावशी लाल पिशवीची गाठ बांधत होत्या आणि त्यांच्या बोटात सुई घुसली. पीएमयूच्या कार्ट्रिजची. ती कोणत्या क्लायंटची होती हे सांगता येत नव्हतं कारण दिवसभराच्या सगळ्या एकत्र होत्या. मावशींच्या रक्ताच्या तपासण्या पुढे कित्येक महिने चालल्या, घरी त्यांनी सांगितलंही नव्हतं, मुलीच्या लग्नाचं बघत होते आणि ही बातमी बाहेर गेली तर काय, ही भीती. रिपोर्ट निगेटिव्ह आले. पण ते महिने मी त्यांचा चेहरा रोज बघितलाय, म्हणून या एका मुद्द्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

कार्ट्रिज हातात घेऊन नीट बघा. बाहेरून ती प्लास्टिकची नळी आहे. मशीन बंद झालं की आतल्या सुया रबरामुळे किंवा स्प्रिंगमुळे मागे जातात, त्यामुळे टोकाकडून बघितलं तरी काही दिसत नाही, हाताला टोचत नाही, आणि आपल्याला वाटतं हे प्लास्टिक आहे. पण तीच कार्ट्रिज पिशवीत इतर कचऱ्याखाली दबली, मागून जोर बसला, की सुया पुढे येतात आणि पिशवी फाडून बाहेर. डर्मापेनच्या टिपचं हेच. प्लास्टिकच्या दांड्याचं आयब्रो रेझर, प्लास्टिकचं हँडल असलेलं मायक्रोब्लेडिंग टूल, फिरवून उघडायची लॅन्सेट, या सगळ्या वस्तूंमध्ये नव्वद टक्के प्लास्टिकच दिसतं आणि टोकाला धार असते. नियम वस्तू कशाची बनलीय यावर नाहीये, तिच्यात टोचणारं किंवा कापणारं काही आहे का यावर आहे. असेल तर अख्खी वस्तू पांढऱ्या डब्यात, हँडलसकट, तोडायची नाही, सुई ओढून वेगळी काढायची नाही, झाकण परत लावायचं नाही. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट, म्हणजे दवाखान्यातल्या रक्ता-सुयांच्या कचऱ्याच्या नियमांमध्ये सिरिंजसाठीसुद्धा हेच आहे, सुई वेगळी केलेली सिरिंज लाल पिशवीत आणि सुई जोडलेली असेल तर ती सुईसकट पांढऱ्यात.

यात एवढं काय असं वाटत असेल तर लाल पिशवी पुढे कुठे जाते ते बघा. पिवळ्या पिशवीतलं साधारणपणे भट्टीत जाळलं जातं. लाल पिशवीतलं प्लास्टिक मात्र जाळत नाहीत, ते ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेने, निर्जंतुक करतात, श्रेडरमध्ये तुकडे करतात आणि रिसायकलिंगला देतात. म्हणजे लाल पिशवीला माणसांचे हात लागतात, आणि ते हात असं धरून चालतात की यात टोकदार काही नाही. पांढऱ्या डब्याला ते घाबरून हात लावतात, लाल पिशवीला विश्वासाने. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो, त्यामुळे "कालचंच आहे, वाळलंय" हे कारण चालत नाही.

घाबरू नका, हे एकदा हाताला बसलं की विचारही करावा लागत नाही. पांढरा डबा ट्रॉलीवर, तुमच्या उजव्या हाताला, बसल्या जागेवरून पोचेल असा ठेवा. स्टोअररूममध्ये ठेवलात तर सुई ट्रेमध्ये पडून राहणार, ट्रे हेल्पर उचलणार, आणि टोचणार तिला. वापरणाऱ्या हातानेच टाकायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचंच नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण लॉक करायचं, दाबून जागा करायची नाही, दुसऱ्या डब्यात ओतायचं नाही.

कापूस, गॉज, रक्त लागलेली वॅक्स पट्टी पिवळ्या पिशवीत, आणि हे ४८ तासांच्या वर साठवून ठेवता येत नाही. ग्लोव्हज लाल. वॉशरूममधले पॅड यात येत नाहीत, तो सॅनिटरी कचरा, तो महापालिकेकडे जातो, फक्त कागदात गुंडाळून वेगळा द्या. पुण्यात कागदाच्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या कचरा वेचणाऱ्या ताईंनी रुजवली, कारण सुका कचरा त्या हाताने निवडतात, त्यातल्या भंगारावर त्यांचं पोट आहे. आता विचार करा, तुमच्या सुक्या कचऱ्यात एखादं ब्लेड गेलं तर ते कोणाच्या हाताला लागणार.

आता डबा भरला, पुढे काय. इथे सगळ्या मुली अडकतात. घंटागाडी घेत नाही आणि घेऊही नये. हे न्यायला बायोमेडिकल कचऱ्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं असतात, ठरवून दिलेल्या भागातल्या दवाखान्यांमधून त्यांची गाडी येते, प्रत्येक पिशवीवर बारकोड असतो. तुम्ही फोन केलात की पहिला प्रश्न येणार, क्लिनिक आहे का, डॉक्टर कोण. नियमात दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या अशी नावं आहेत, पार्लर हा शब्द त्या यादीत नाही, आणि याच कारणावरून आमच्याच धंद्यातले लोक सांगतात की आपल्याला लागू नाही. पण नियमातल्या त्या वाक्याची सुरुवात वाचा, असा कचरा कोणत्याही स्वरूपात निर्माण करणारी प्रत्येक व्यक्ती, असं आहे. म्हणून मी म्हणते भांडत बसू नका, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, तुम्ही कोणत्या सर्व्हिस देता, कोणता कचरा साधारण किती निघतो ते लिहा, आणि पोचपावती घ्या. ज्यांच्याकडे पेशंटचे बेड नाहीत त्यांना परवानगी एकदाच काढावी लागते, दरवर्षी नाही, हे ऐकून बऱ्याच जणींचा जीव भांड्यात पडतो. केंद्राशी बोलताना महिन्याचा किमान दर किती, गाडी किती दिवसांनी येणार, डबे-पिशव्या त्यांच्या का तुमच्या, हे आधीच विचारा. आणि प्रत्येक वेळची पावती फाइलला लावा, नोंदी पाच वर्षं ठेवायच्या असतात.

मला हे जमायला वेळ लागला, दोनदा नकार आला, एका ठिकाणी तर हसले. तोपर्यंत मी पीएमयूची बुकिंग घेतली नाही, गाळ्याचं भाडं डोक्यावर होतं तरी. स्पष्ट सांगते, कचरा नेणारं कोणी ठरलं नसेल तर सुईची सर्व्हिस सुरू करू नका. फेशियल, वॅक्स, हेअर, मेकअप यावर पार्लर चालतं, चांगलं चालतं.

शेजारच्या डेंटिस्टला डबा देऊन टाक, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मला तो पटत नाही. त्यांच्या बारकोडखाली तुमचा कचरा जातो, काही झालं तर जबाबदारी त्यांच्यावर, आणि बऱ्याचदा डॉक्टरांना माहितीच नसतं, कंपाउंडरशी परस्पर ठरलेलं असतं. डॉक्टरांशी नीट बोलून त्यांच्याच क्लिनिकमध्ये बसून ती सर्व्हिस देता आली तर गोष्ट वेगळी, तिथे निघालेला कचरा त्यांच्या नोंदीत सरळ येतो. लायटरने सुई जाळणे, डेटॉलमध्ये बुडवून परत वापरणे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून बाटली भंगारात देणे, हे सगळं मी बघितलंय आणि यातलं एकही करू नका. यूव्ही कॅबिनेट निर्जंतुक करत नाही, आधी स्वच्छ केलेलं ठेवायला ती पेटी आहे. ब्लॅकहेड रिमूव्हरसारखी स्टीलची हत्यारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ डिग्रीला १५ पीएसआय दाबाखाली, किमान पंधरा ते वीस मिनिटं. सुई आणि ब्लेड एकदाच वापरायचं, त्याला ऑटोक्लेव्हसुद्धा नाही. आणि बोटॉक्स, फिलर, ग्लुटाथायोन ही इंजेक्शनं डॉक्टरांची कामं आहेत, कुठलीही मॅडम शिकवायला तयार असली तरी.

मॅडमवरून आठवलं. रीलवर फॉलोअर्स बघून शिक्षक निवडू नका. फी भरायच्या आधी अकॅडमीत जाऊन सरळ विचारा की तुमचा पांढरा डबा कोण नेतं, शेवटची पावती दाखवता का. ज्या दाखवतील त्यांच्याकडे शिका. माझं मत विचाराल तर वेळ असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड करा, स्वच्छतेचा पाया पक्का होतो, पीएमयू नंतर कधीही शिकता येतं.

कामाला लागायच्या आधी हिपॅटायटिस बी ची लस घ्या, तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी लस लागू पडली का ते दाखवणारी अँटी-एचबीएस ही रक्ताची टेस्ट करा, १० च्या वर आलं की संरक्षण आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे का बघा. साफसफाईच्या मावशींनाही लस द्या, त्या सुईला हात लावत नाहीत असं म्हणू नका.

आणि एवढं करूनही टोचलंच तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, काम तिथेच थांबवून लगेच सरकारी दवाखान्यात जायचं, पुण्यात असाल तर ससूनला. एचआयव्ही टाळायची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं, दोन तासांत झालं तर उत्तम, ७२ तासांच्या नंतर उपयोग नाही. सुई एचआयव्ही असलेल्या माणसाला वापरलेली असली तरी एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण हजारात तीन आहे, म्हणून घाबरून रडत बसू नका, पण लाजून घरीही बसू नका. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी चा धोका त्याहून कितीतरी जास्त असतो, ते डॉक्टरांना आधी सांगा. सुई कोणत्या क्लायंटची होती ते लिहून ठेवा, तिला शांतपणे विनंती करून तिची तपासणी झाली तर डॉक्टरांना ठरवणं सोपं जातं. आणि तपासणीचा, औषधांचा, रिक्षाचा सगळा खर्च पार्लरच्या मालकिणीने करायचा, हेल्परच्या पगारातून एक रुपया कापायचा नाही, त्या दिवसाची हजेरीसुद्धा पूर्ण लावायची.