जुन्या बीटलचे उत्पादनवर्ष कसे ओळखावे

फोल्क्सवागेनच्या बीटलचे साल नुसत्या ओझरत्या नजरेने सांगता येत नाही. १९४८ पासून २० वर्षे वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याची धुरा सांभाळणाऱ्या हाइनरिख नोर्डहोफ यांनी गाडीचा बाह्य आकार कायम ठेवून बाकीचे भाग सतत सुधारत राहण्याचे धोरण अवलंबिले, त्यामुळे वर्षांमधला फरक लहानसहान भागांतच शोधावा लागतो.

आरंभ मागच्या काचेपासून करावा. मधोमध उभी पट्टी असलेली दुभागलेली काच मार्च १९५३ पर्यंतची, एकसंध लंबवर्तुळाकार काच त्यानंतरची, आणि मोठी चौकोनी काच ऑगस्ट १९५७ नंतरची समजावी. (कापडी छताच्या गाडीला ही खूण लागू पडत नाही.)

मात्र खरा पुरावा म्हणजे चासी क्रमांक. मागचे आसन उचलले की मधल्या बोगद्यासारख्या कण्यावर तो ठोकलेला दिसतो. बॅटरी याच आसनाखाली उजव्या बाजूला असल्याने आसपास गंज चढलेला असतो. तो कापडाने आणि मऊ ब्रशने हळूच काढावा, पॉलिशपेपर मुळीच वापरू नये, कारण एकदा झिजलेला आकडा परत येत नाही.

ऑगस्ट १९६४ पासून हा क्रमांक नऊ अंकी झाला आणि त्यातला तिसरा अंक मॉडेलवर्ष सांगू लागला. ११७ ने सुरू होणारी गाडी १९६७ च्या मॉडेलची, पण ती तयार झाली ऑगस्ट १९६६ ते जुलै १९६७ या काळात, कारण कारखान्याचे मॉडेलवर्ष उन्हाळी सुटीनंतर सुरू होत असे. कागदपत्रांतले साल आणि क्रमांकातले साल यांत एका वर्षाचा फरक आढळला म्हणून लगेच फसवणुकीचा संशय घेऊ नये. १९७० च्या मॉडेलपासून क्रमांक दहा अंकी झाला आणि पहिल्या तीन अंकांनंतर २ हा अंक आला. म्हणूनच ११५ हा आरंभ १९६५ चा की १९७५ चा, हे एकूण अंक मोजूनच ठरवावे. ऑगस्ट १९६४ पूर्वीचे क्रमांक केवळ ओळीने दिलेले असल्याने ते वर्षवार तक्त्याशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी कुठे तयार झाली यावरूनही साल पडताळता येते. वोल्फ्सबुर्गमधले बीटलचे उत्पादन १ जुलै १९७४ रोजी थांबले, एम्डेनमधले जानेवारी १९७८ मध्ये; त्यानंतरची बंद छताची बीटल जर्मन बनावटीची असूच शकत नाही. मेक्सिकोतील पुएब्ला येथे मात्र ती ३० जुलै २००३ पर्यंत तयार होत राहिली.

इंजिनाच्या क्रमांकावर फारसे विसंबू नये. इंजिन काढून दुसरे बसवणे या गाडीत फार सोपे आहे. सांगाडाही तळाच्या चासीवर बोल्टांनीच जोडलेला असतो, त्यामुळे लंबवर्तुळाकार काचेखाली १९६० नंतरची चासी निघणे अशक्य नाही.