फुसका बार, जिवंत टोपी: न उडालेल्या काडतुसाच्या बाबतीत या चुका टाळा

लहानपणी दगडाने टिकल्या फोडत बसलेलं एक पोरगं प्रत्येक वाड्यात असायचं. दहातली एखादी टिकली उडायची नाही. मग तिच्यावर आणखी जोरात दगड, आणि तरीही नाही उडाली तर नखाने खरवडून आत मसाला आहे की नाही ते बघणं. ही खोड मोठेपणीही जात नाही. ती सोबत घेऊन नेमबाजीच्या रेंजवर येणारे दर मोसमात दोन-चार तरी भेटतात.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेव्हापासून नाशिकमध्ये आमच्याकडे रायफलची चौकशी करणारे पालक वाढले. एअर रायफलपासून सुरुवात करून मुलं पॉइंट टू-टूवर (०.२२ इंची काडतुसाच्या रायफलवर) आली की त्यांना दोन गोष्टी कळतात. मॅचचं काडतूस महाग असतं, आणि ते लायसन्सच्या हिशेबात मोजून मिळतं. त्यामुळे एखादा बार फुसका निघाला की जीव तुटतो. मग रात्री कोणीतरी मोबाइलवर अमेरिकेतला एखादा आजोबा बघतो. तो गॅरेजमध्ये बसून काडतुसातली जिवंत टोपी, म्हणजे ठोक्याने पेटून दारूला आग लावणारा तळाचा छोटा भाग, शांतपणे काढतो आणि दुसऱ्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) बसवतो. दुसऱ्या दिवशी मला प्रश्न येतो, “काका, आपण पण असं करू शकतो ना?”

नाही. का नाही ते सांगतो, पण आधी रेंजवर घडणाऱ्या चुका.

बार उडाला नाही की लगेच बोल्ट उघडणं

घोडा दाबला, ‘टक्’ झालं आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी हात आपोआप बोल्टकडे, म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या दांड्याकडे जातो. जाऊ देऊ नका. नळी निशाण्याकडेच ठेवायची, बोट घोड्यावरून काढायचं, दुसरा हात वर करायचा आणि निदान ३० सेकंद थांबायचं. टोपी पेटली पण दारूने आग उशिरा धरली, असं होऊ शकतं. आजच्या काडतुसांत ते दुर्मिळ आहे, आणि झालंच तर बहुधा क्षणभराचा उशीर असतो. पण त्या क्षणी बोल्ट अर्धा उघडा असेल तर पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात. ठासणीच्या बंदुकीत तर याहून जास्त थांबावं लागतं. एनसीसीत ज्यांनी फायरिंग केलंय त्यांना उस्तादाचा ओरडा आठवत असेल. तो उगाच नव्हता.

२५ मीटर पिस्तूल स्पर्धेत याला आणखी एक कारण आहे. रेंज ऑफिसर यायच्या आत स्वतः पिस्तूल उघडलं, तर तो बिघाड तुमच्या खात्यात जातो आणि पुन्हा मारायची संधी हातची जाते.

याच्या उलटची चूक जास्त घातक आहे. बार उडतो, पण आवाज नेहमीसारखा येत नाही, नुसता ‘फुस्स’. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. “हलका निघाला वाटतं” म्हणून पुढची गोळी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा वाटला की थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार दिसतंय का ते जाणकाराकडून तपासून घ्या.

दोष काडतुसाला देणं

माझं निम्मं आयुष्य यात गेलंय, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एका डब्यातली तीन काडतुसं उडाली नाहीत की डबा खराब, असा निकाल लागतो. बहुतेक वेळा गुन्हेगार रायफल असते.

पॉइंट टू-टूमध्ये वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत, त्या पोकळ कंगोऱ्यात भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, मसाला दोन पत्र्यांमध्ये चिरडला जातो आणि पेटतो. आता चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात) गोळ्यांवरचं मेण आणि काजळी साचलेली असेल, तर काडतूस शेवटचा केसभर आत जातच नाही. पिनचा ठोका ते पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो. म्हणजे पहिला ठोका काडतूस बसवतो आणि दुसरा उडवतो. एखादं काडतूस दुसऱ्या ठोक्याला हमखास उडत असेल, तर आधी चेंबर साफ करा.

दुसरी गोष्ट नाशिकच्या थंडीची. निफाडचा पारा खाली घसरल्याच्या बातम्या डिसेंबर-जानेवारीत येतात. त्याच दिवसांत सकाळी सातला आमच्याकडे बार फुसके निघतात आणि अकरानंतर सगळं सुरळीत होतं. पहिल्या वर्षी आम्ही काडतुसांना शिव्या घातल्या. नंतर एका मुलाचा बोल्ट उघडला. त्याच्या वडिलांनी प्रेमाने घरातलं घट्ट तेल भरपूर घातलं होतं. थंडीत ते तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि पिन जोर लावण्याऐवजी पोहत पुढे यायची. बोल्ट आतून कोरडा पुसला आणि तेलाचा एक थेंब पसरवला. तेवढ्यावर भागलं.

ठोक्याची खूण बघायला शिका. कडेवरचा ठसा उथळ असेल तर स्प्रिंग थकलीय, पिन झिजलीय किंवा बोल्टात घाण आहे. ठसा खोल, स्वच्छ आणि नेहमीच्या जागी असूनही बार उडाला नाही, तर मग काडतुसावर संशय घ्या. कधी मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. म्हणून थांबून झाल्यावर, रेंज ऑफिसर हो म्हणाले तर, काडतूस थोडं फिरवून एकदा पुन्हा लावून बघतात. एकदाच. आणि रिकाम्या पॉइंट टू-टूचा घोडा उगाच दाबत बसू नका. बऱ्याच रायफलींत पिन चेंबरच्या काठावर आदळून तिथे खाच पाडते, आणि पुढचे फुसके बार तिथूनच जन्म घेतात.

टोपी काढून पुन्हा वापरायचा मोह

आता त्या आजोबांकडे वळू. मोठ्या रायफलच्या किंवा बारा बोअरच्या (छर्र्यांच्या बंदुकीच्या) काडतुसात टोपी वेगळी असते. एक छोटी वाटी, तिच्यात मसाला आणि मसाल्यावर टेकलेली बारीक ऐरण. मसाल्यात बहुधा लेड स्टिफनेट (ठोक्याने फुटणारं शिशाचं संयुग), बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. बाहेरून ठोका बसला की मसाला वाटी आणि ऐरण यांच्यात चिरडतो आणि ज्वाळा छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते.

आजोबा नेमकं काय करतात ते नीट बघा. गोळी आणि दारू आधीच काढलेली असते. डोळ्यांवर चष्मा असतो. हातोडी नसते, तर दांड्याचा प्रेस असतो, आणि आतल्या छिद्रातून जाणारी पिन टोपीला हळूहळू बाहेर लोटते. सगळा खेळ त्या ‘हळूहळू’त आहे. टोपी ठोक्याने पेटते, सावकाश दाबाने सहसा नाही. ते एका वेळी एकच टोपी काढतात, आणि तीही कधीच पिनचा ठोका न खाल्लेली. पुंगळी किंवा गोळी चुकीची निवडली म्हणून उघडलेल्या काडतुसातली ती असते. आपल्याकडचा हट्ट नेमका ठोका खाऊन न उडालेली टोपी वाचवायचा असतो. तिच्यातला मसाला तडकलेला असतो, ऐरण हललेली असते. ती पुन्हा उडेल की नाही, कधी उडेल, कोणी सांगू शकत नाही. ती वापरायची नाही.

लष्करी पितळात टोपीभोवती कडा ठोकून बसवलेल्या असतात, त्यामुळे ती सहज सुटत नाही आणि जोर वाढत जातो. बर्डन पद्धतीच्या पुंगळीत तर ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि मधल्या एका छिद्राऐवजी बाजूला दोन बारीक छिद्रं असतात. तिथे ती पिन चालतच नाही. (गंमत म्हणजे बर्डन अमेरिकन आणि मधल्या एका छिद्राच्या पद्धतीचा बॉक्सर इंग्रज. पण अमेरिकेत बॉक्सरची टोपी चालते आणि युरोपात बर्डनची जास्त रुजली.) आणि पॉइंट टू-टू? तिथे काढायला टोपीच नाही. पक्कडीने तळाची कड धरून गोळी उपटायला जाणं म्हणजे मसालाच चिमटीत दाबणं.

दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या काकांकडे पीक संरक्षणाची जुनी बारा बोअर आहे. पावसाळाभर गोठ्यातल्या फळीवर ठेवलेलं एक काडतूस उडालं नाही, म्हणून त्यांनी ते विळ्याने कापलं, छर्रे आणि दारू बाजूला केली, आणि टोपी खिळा-हातोडीने काढायला घेतली. टोपी उडाली. दारू आधी काढली होती म्हणून हात तरी बचावला, पण तर्जनीवरची काळी खूण अजून गेलेली नाही. बारा बोअरची टोपी एवढीशी दिसते, पण बंद जागेत तिचा जोर बोट फोडायला पुरतो.

कायद्याचंही बघा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रं दोन्ही येतात. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद आहे. बंदूक बाळगायचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे. आजोबांच्या देशात तो गॅरेजमधला छंद आहे, आपल्याकडे तो गुन्हा ठरतो.

तेलात बुडवलं म्हणजे मेलं, असं समजणं

हा गैरसमज चिवट आहे. टोपी तेलात किंवा पाण्यात टाकली की निकामी होते म्हणतात. आजकालच्या टोप्यांवर लाखेसारखं सील असतं आणि लेड स्टिफनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भिजलेली टोपी उन्हात वाळली की पुन्हा जिवंत होऊ शकते. म्हणून भिजवलेलं काडतूसही जिवंतच धरा.

आणि सुट्या टोप्या बरणीत साठवू नका, कोणाकडे दिसल्या तर त्याला सांगा. कंपनीच्या ट्रेमध्ये प्रत्येक टोपीला वेगळं घर असतं, ते शोभेसाठी नसतं. बरणीत एक पेटली तर सगळ्या एकदम जातात, आणि बरणी काचेची असेल तर बाकीचं काम काच करते.

घंटागाडीत टाकणं आणि बॅगेत विसरणं

न उडालेलं काडतूस कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकणारे लोक आहेत. तिथून ते कचऱ्याच्या दाबयंत्रात, आगीत किंवा भंगारवाल्याच्या हातोडीखाली जाणार. नळीबाहेर पेटलेल्या काडतुसाची गोळी फार लांब जात नाही, पण पितळेचे तुकडे आणि टोपी डोळा फोडण्याइतक्या वेगाने उडतात. गोदावरीत टाकणं हाही उपाय नाही.

बॅगेचा घोळ जास्त वेळा होतो. ‘हे उडालं नाही’ म्हणून काडतूस किटच्या बाजूच्या कप्प्यात जातं, विसरलं जातं, आणि तीन महिन्यांनी ओझरला विमानतळाच्या एक्स-रेवर दिसतं. त्या अधिकाऱ्यासाठी ते जिवंत काडतूसच असतं, आणि त्याचं बरोबरच आहे. ‘माहीत नव्हतं’ हे कोर्टात कदाचित ऐकलं जाईल, पण विमान तोवर गेलेलं असतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी बॅग उलटी करून झटका. चेन, अस्तर, जॅकेटचे खिसे, सगळं.

आमच्याकडे यासाठी रेंज ऑफिसरच्या टेबलावर झाकणाचा एक लाल डबा आणि एक वही आहे. न उडालेलं काडतूस डब्यात, आणि वहीत तारीख, नाव, लॉट नंबर आणि ठसा उथळ होता की खोल. डबा भरत आला की पुढचं काम परवानाधारक विक्रेता आणि पोलीस ठाणं बघतं. ज्यांच्याकडे घरी जुनं काडतूस पडलंय त्यांनीही आधी ठाण्यात फोन करून विचारावं आणि ते सांगतील तसंच करावं. नुसतं खिशात घालून निघू नये. वही भरायला मुलं कंटाळा करतात, कारण बाहेर मिसळ थांबलेली असते. हात साबणाने धुतल्याशिवाय मी कोणाला पावाला हात लावू देत नाही, शिसं असतं त्यावर. वहीतला ठशाचा रकाना मात्र कामाचा निघाला. गेल्या हिवाळ्यात एकाच रायफलसमोर पाच वेळा ‘उथळ’ लिहिलेलं दिसलं, आणि स्प्रिंग बदलल्यावर त्या नावापुढची नोंदच थांबली.