पाऊस बघून वाट बदला: नाशिकभोवतीची बारमाही भटकंती

हवा बिघडली म्हणून नाशिककराला घरी बसायची गरज नाही, दिशा बदलली की भागतं. पश्चिमेला सह्याद्रीची धार ढग अडवते. त्यामुळे त्र्यंबक-इगतपुरीकडे धो धो कोसळत असताना सिन्नर-येवल्याकडे बऱ्याचदा नुसती भुरभुर असते. जुलैत जोरदार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी अंजनेरी, ब्रह्मगिरी सोडा. पांडवलेणीच्या पायऱ्या किंवा सिन्नरकडचं माळरान गाठा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त घात करतो शेवाळलेला कातळ. काळपट-हिरवा, चकचकीत दगड दिसला की त्यावर पाय नाही. खडबडीत, करडा भाग शोधा. उतरताना पावलं छोटी टाका आणि टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा एकदम ठेवा. बुटांच्या तळाच्या खाचा झिजल्या असतील तर ते बूट कितीही महागाचे असोत, डोंगरात नेऊ नका.

ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडायचं नाही. त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यासारख्या ठिकाणी डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो, कारण पाऊस वर डोंगरात झालेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहू लागला, आवाज वाढला, की फोटो राहू द्या आणि लगेच उंच काठावर चढा. जाताना सहज ओलांडलेला ओढा परतताना अडवतो, म्हणून पाऊस वाढताना पलीकडे जाऊच नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर माथा सोडून खाली या. एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही.

रेनकोट घालून चढ चढलात तर आतून घामाने भिजाल. सपाट रस्त्याला साधी छत्रीच बरी, वाऱ्याच्या धारेवर मात्र ती निरुपयोगी. सॅकवर बाहेरून कव्हर घातलं तरी पाठीवरून ओघळणारं पाणी आत शिरतंच. त्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी लावून सामान तिच्यात भरा. मोज्यांचा एक कोरडा जोड वेगळा बांधून ठेवा. घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर सोल सुटतो.

पावसाळा संपता संपता गवत कमरेला लागतं. काठी आपटत चाला, सापाला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

थंडीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला आणि घाम यायच्या आधीच एक काढा. घाम वाळताना भरते ती हुडहुडी फार वाईट. निफाडकडे पहाट चांगलीच गारठते, कानटोपी हवीच. तिथलं नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे धुकं असताना दुर्बीण काढून उपयोग नसतो, पक्षी ऊन वर आल्यावरच नीट दिसतात.

एप्रिल-मेमध्ये उजाडताच निघा, साडेनऊपर्यंत परत या. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरा. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं. चमचा चहाचाच घ्या. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपायच होतो.