‘बुद्धिबळाचा डाव’ : सोफोनिस्बा आंग्विसोलाच्या चित्राचं रूपात्मक विश्लेषण कसं लिहावं

रूपात्मक विश्लेषणात आधी कॅनव्हासवर जे दिसतं ते मांडायचं असतं, चित्रकर्तीचं चरित्र नंतर. सोळाव्या शतकातली इटालियन चित्रकर्ती सोफोनिस्बा आंग्विसोला हिच्या १५५५ च्या या तैलचित्राबाबत नेमका हाच क्रम उलटा होतो. स्त्री चित्रकार, तिच्या तीन बहिणी, घरगुती खेळ यावर तीन परिच्छेद खर्ची पडतात आणि रचनेबद्दल ओळभरही सापडत नाही.

मूळ चित्र पोलंडमध्ये, पॉझ्नानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची ७२ सेंमी, रुंदी ९७. ए-फोर कागद आडवा धरून २७ × २० सेंमीची चौकट आखा, म्हणजे प्रमाण जवळपास तेच राहतं. तिच्यात चार डोकी नुसत्या अंडाकृतींनी, पट चौकोनाने आणि हात रेषांनी दाखवा. नाकडोळे काढायचे नाहीत.

आता नजरांचे बाण काढा. डावीकडची बहीण लुचिया थेट आपल्याकडे पाहते. तिच्यासमोरची दुसरी बहीण मिनेर्वा हात किंचित उचलून लुचियाकडे पाहते. मधली धाकटी युरोपा हसत मिनेर्वाकडे, तर उजव्या कडेची वयस्क दासी या मुलींकडे. युरोपाकडून मिनेर्वा, तिच्याकडून लुचिया आणि तिथून चौकटीबाहेर, प्रेक्षकापर्यंत अशी ही साखळी आहे. डाव कुणाच्या बाजूने झुकलाय हे मोहऱ्यांआधी नजरांवरून कळतं. विश्लेषणाचा सगळ्यात मोठा परिच्छेद यावरच हवा. मोबाइलवर चित्र आरशासारखं उलटं करून पाहा. मुळात डावीकडून शिरणारा डोळा आधी लुचियाशी थबकतो, उलट्या चित्रात ती शेवटी भेटते. हा फरक शब्दांत पकडा.

मग चित्र कृष्णधवल करा. चेहरे आणि हात उजळ राहतात, ओकची पालवी गडद होते, दूरचे डोंगर फिके पडतात. रंगात ते निळसरही आहेत, म्हणजे वातावरणीय यथार्थदर्शन (दूरचं फिकं आणि निळसर दाखवून खोली भासवणं). रंगांविषयी मात्र जपून लिहा. एकाच चित्राचे दोन फोटो वेगळ्या छटा दाखवतात, त्यामुळे ‘पार्श्वभूमी कपड्यांपेक्षा थंड’ असं तुलनेनेच म्हणावं. स्क्रीनवरून रंगद्रव्याचं नाव सांगणं हा निव्वळ अंदाज.

पोतात बहिणींची किनखाबी वस्त्रं, मोती आणि टेबलावरचा नक्षीदार गालिचा टिपा. त्यांच्या शेजारी दासीचं साधं वस्त्र ठेवून पाहा. ती मागे आणि कडेला आहे. वर्गभेद जागेतून आणि पोतातून असा दाखवल्यावरच ‘श्रीमंत घर’ हे शब्द वापरा.

पटाच्या कडेवरचा लॅटिन मजकूर हमखास सुटतो. अमिल्कारेची अविवाहित कन्या सोफोनिस्बा हिने आपल्या तीन बहिणी आणि दासी यांना प्रत्यक्ष पाहून रंगवलं, असं तो सांगतो. सही वस्तूवरच कोरल्यासारखी असल्याने ती रचनेचाच भाग ठरते, आणि चरित्राला इथून रीतसर वाट मिळते.

कच्च्या मसुद्यातल्या प्रत्येक विशेषणापुढे ‘कशामुळे?’ लिहा. ‘जिवंत’, ‘मोहक’ हे शब्द बहुधा तिथेच गळतात. कलावंतांची चरित्रं लिहिणारा इटालियन चित्रकार वासारी याने १५६६ मध्ये सोफोनिस्बाच्या गावी, क्रेमोनात, हे चित्र पाहिलं आणि या मुलींना फक्त वाचा हवी अशी दाद दिली. ती दाद झाली, पुरावा नव्हे.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपी बुद्धिबळात राणी (आपल्याकडचा वजीर) सर्वांत बलवान झाली, हा संदर्भ मोह पाडतो. तो शेवटच्या परिच्छेदात ठेवा, आणि पटावरच्या हातांचं वर्णन आधी झालेलं असेल तरच.