शेरी कशाबरोबर घ्यावी: खाऱ्यापासून गोडापर्यंत

शेरी ही दक्षिण स्पेनची वाईन, आणि तिचे प्रकार अनेक. दुकानात जाऊन नुसती ‘शेरी द्या’ म्हणणं म्हणजे मच्छीबाजारात जाऊन नुसता ‘मासा द्या’ म्हणण्यासारखं आहे. बांगडा की मोरी हे कळल्याशिवाय वाटण कसलं करणार? तसंच इथे. आधी बाटलीवरचं नाव वाचा, मग ताट ठरवा.

मी मूळची मालवणची, आता दक्षिण स्पेनमधल्या सानलूकार दे बारामेदा इथे राहते. हेरेस, एल पुएर्तो दे सांता मारिया आणि आमचं सानलूकार, ही शेरी मुरवणारी तीन मुख्य गावं.

सुरुवात फिनो किंवा मान्सानियाने करा. दोन्ही खडूसारख्या पांढऱ्या मातीतल्या पालोमिनो द्राक्षांच्या, फिकट आणि अजिबात गोड नसलेल्या. पिंप काठोकाठ भरत नाहीत. वर राहिलेल्या मोकळ्या जागेत वाईनवर यीस्टची साय धरते, तिला इथे ‘फ्लोर’ म्हणतात. ती साय हवा लागू देत नाही आणि वाईनमधलं बरंच काही स्वतः खाते, म्हणून चव इतकी कोरडी. सानलूकारात मुरते ती मान्सानिया. दोन्ही 7 ते 9 अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून थेट काढून, थोडी थोडी ओता. कोमट फिनो कोणाला देऊ नका.

तिच्यासोबत काय? तळलेलं आणि खारं. इथे ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ करतात: बेसन आणि गव्हाचं पीठ धिरड्यासारखं पातळ कालवायचं, त्यात बारीक कांदा, पार्सली आणि सालीसकट इवल्या कोळंब्या घालून कडकडीत तेलात पातळ सोडायचं. पहिला घास खाल्ला तेव्हा मला आईची जवळ्याची भजी आठवली आणि मी चक्क रडले. त्यावर मान्सानियाचा घोट घेतला की तोंडातलं तेल निघून जातं आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मोरीसारखाच एक मासा व्हिनेगर, जिरं, लसणात मुरवून तळतात, तोही असाच. व्हिनेगरपुढे भल्या भल्या वाईन मान टाकतात, फिनो टिकते. खारे बदाम, ऑलिव्ह, हामोन (खारवून सुकवलेलं डुकराचं मांस) यांच्याबरोबर तर डोळे मिटून घ्या.

आमोन्तियादो आधी सायीखाली मुरते, मग साय सरली की हवेवर. तिला हेझलनटचा वास येतो. मशरूम, आर्टिचोक, भाजलेलं चिकन, जुनं कडक चीज यांना ती शोभते. ओलोरोसो पहिल्यापासून हवेवर मुरलेली, गडद, 17 टक्के किंवा अधिक अल्कोहोलची. तिला तासन्‌तास शिजलेलं मटण किंवा बैलाच्या शेपटीचा रस्सा हवा. इथली माणसं सांगतात, पोहतं त्याला फिनो, उडतं त्याला आमोन्तियादो, धावतं त्याला ओलोरोसो. मी एक अपवाद करते: कांद्यात शिजवलेला लाल ट्यूना पोहत असला तरी त्याला आमोन्तियादोच देते.

गोडाचा नियम एकच आणि तो मोडू नका: वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. इथल्या पहिल्या दिवाळीत मी करंज्यांबरोबर फिनो ठेवली होती. वाईन कडू लागली आणि करंज्याही वाया गेल्या. त्या ताटाला पेद्रो हिमेनेस हवी होती. द्राक्षं उन्हात सुकवून केलेली ही वाईन काकवीसारखी काळी आणि दाट असते. कडवट डार्क चॉकलेट किंवा निळ्या बुरशीचं खारट चीज यांच्याबरोबर ती अप्रतिम लागते. व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओतलीत तर वेगळं काही करावं लागत नाही. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या ‘तोसिनो दे सिएलो’वर मात्र ती जड होते. पूर्वी वाईन नितळ करायला अंड्याचा पांढरा भाग वापरत आणि उरलेला बलक कॉन्व्हेंटमधल्या नन्सकडे जाई, त्यातून ही मिठाई आली असं इथे सांगतात. तिला मी मॉस्कातेल, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची गोड शेरी देते.

पेद्रो हिमेनेस उघडल्यावरही महिना-दोन महिने सहज राहते. फिनो आठवड्यात संपवा. तरी उरलीच तर तेलात लसूण परता, तिसऱ्या टाका, अर्धी वाटी फिनो ओता आणि झाकण ठेवा. शिंपल्या उघडल्या की लगेच उतरवा.