गल्लीतल्या भिंतीवर चित्र काढायचंय, पण पैसे कुठून आणायचे?

सगळ्यात आधी पावती पुस्तक छापू नका. आम्ही तेच केलं आणि तोंडघशी पडलो. गल्लीच्या तोंडाशी साठ फूट लांब, दहा फूट उंच अशी एक कळकट भिंत होती, सगळे तिला शाळेची भिंत म्हणायचे म्हणून आम्ही हेडमास्तरांना विचारलं, ते हो म्हणाले, वर्गणी सुरू झाली, चित्रकारही ठरला, आणि मग कळलं की भिंत शाळेची नाहीच. परवानगीत तीन महिने गेले आणि तेवढे दिवस दूध आणायला बाहेर पडलं तरी लोक विचारायचे, काय हो, भिंतीचं काय झालं? विचारायची पद्धतच अशी की पैसे खाल्ले का असंच ऐकू यावं. तर भिंत कुणाची ते कागदावर बघा, मालकाचं लेखी पत्र घ्या, मगच पैशाचा विषय काढा.

पुतळ्याच्या भानगडीत पहिल्याच फटक्यात पडू नका. रस्त्यावर, फुटपाथवर पुतळा बसवायला परवानगी देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१३ मध्येच राज्यांना सांगितलंय आणि इतर जागी बसवायचा तरी परवानग्यांची रांग मोठी आहे. भिंत सोपी.

आता एस्टिमेट. लोक फक्त रंग आणि चित्रकाराचं मानधन धरतात. पण जुना रंग खरवडणं, भेगा भरणं, वॉटरप्रूफिंग, प्रायमर, परांची, चित्र टिकावं म्हणून वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर), रात्री दिसावं म्हणून दोन दिवे, चित्रकार बाहेरगावचा असेल तर त्याचं राहणं-खाणं, हे सगळं लिहा. आणि चित्रकाराला "तुझी जाहिरात होईल" सांगून फुकटात राबवू नका, प्लीज. गवंड्याला सांगतो का आपण असं? शेवटी शंभरातले पंधरा रुपये देखभालीला वेगळे काढा आणि ते कुणी कितीही मागितले तरी हलवू नका.

पैशाची सुरुवात गल्लीतूनच करा, मोठा देणगीदार आधी शोधू नका. कारण साधं आहे, मोठ्या माणसाकडे गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, तुमच्या लोकांनी किती दिले? आम्ही "एक चौरस फूट तुमचा" असं काढलं. सहाशे चौरस फूट, फुटाला १५० रुपये, म्हणजे ९०,००० होतात, आणि खरंच झाले. चित्रकाराने भिंतीवर सूत मारून चौकटी आखल्या त्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकू आल्या, नातवंडांच्या नावाने दोन फूट घेतले होते त्यांनी, म्हणाल्या "माझे कुठले ते दाखव." आमच्यातल्या एका पोराने यादी बघून खडूने फुली मारून दिली. एका चौकटीत कावळ्याची शेपटी येणार होती आणि दुसरीत नुसतं आभाळ. काकू आभाळावर नाराज, तिथे काहीतरी काढ म्हणून हटूनच बसल्या. शेवटी एक पतंग आला. आता तो पतंग त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात आणि त्यातून आणखी चार देणगीदार मिळाले.

वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तीच. गल्लीत नोंदणीकृत मंडळ असेल तर त्यांच्याच खात्यात पैसे घ्या, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर तर अजिबात नको. वस्तूरूपाने मिळालेलंही लिहून ठेवा. रंगाच्या दुकानदाराने दोन बादल्या दिल्या, बिल्डरने परांची दिली, तर त्याची किंमत हिशोबात दाखवा. परदेशातले भाचे-पुतणे मदत करतो म्हणतात तेव्हा आधी पासपोर्ट विचारा, विचित्र वाटलं तरी. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर चालतं, पण परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असूनही तो परदेशी निधी धरतात आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घ्यायची सरकारी परवानगी लागते.

मग सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. कंपनी कायद्याच्या अटीत बसणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात आणि तो कशावर करायचा त्या यादीत, म्हणजे कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये, कला-संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे. पण पैसे गल्लीच्या ग्रुपला मिळत नाहीत, सीएसआर-१ फॉर्म भरून सरकारकडे नोंदलेली संस्था मध्ये लागते, तर शहरात अशी कुठली आहे ते आधी शोधा. आमच्याकडे एका कंपनीच्या साहेबांना पाव भिंत लोगोसाठी हवी होती, वर फोन नंबरसुद्धा! इथे एक गोष्ट कामाला येते. जाहिरातीचा फायदा घ्यायला दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरतच नाहीत, नियमातच आहे. हे शांतपणे सांगितलं आणि शेवटी कोपऱ्यात एक फूट बाय एक फूट फरशीवर नाव, एवढ्यावर मिटलं.

आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा असतो म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. पण तो हातात मिळत नाही, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, टेंडर निघतं, आणि कमी रेटवाला ठेकेदार येऊन स्टेन्सिलने मोर आणि सुविचार मारून जातो. माझं स्पष्ट मत, तिथे चित्र मागूच नका, प्लास्टर, गटाराचं झाकण, दिवे असली कामं मागा. तेवढा खर्च तुमच्या एस्टिमेटमधून उतरतो.

काम संपलं की हिशोब त्याच भिंतीशेजारी लावा, लॅमिनेट करून, चहाच्या खर्चासकट. चित्रकाराशी लेखी करारात एक वाक्य घाला की पहिल्या पावसाळ्यानंतर दोन दिवस दुरुस्तीला येईन, त्याचे पैसे वेगळे. आमच्या भिंतीला खालून दीड फूट ओल चढली, खार फुटला, चित्रातल्या दोन म्हशींचे पाय पापुद्रे होऊन गळून पडले. देखभालीचे १३,५०० होते, त्यातले ८,२०० गेले, म्हशी परत उभ्या राहिल्या. बाकीचे खात्यात आहेत, आणि नळाजवळ परत ओल दिसायला लागलीये.