औषध पाजूनही शेळ्यांचे जंत जात नाहीत? या चुका टाळा

पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की तक्रारी सुरू होतात. शेळी खाते पण अंगाला लागत नाही, केस राठ झालेत, चरायला गेली की मागे राहते. आणि सोबत ठरलेलं वाक्य: "जंताचं औषध तर आत्ताच पाजलं होतं." ते खरंही असतं. चूक बहुतेक वेळा कोणतं औषध, किती आणि कोणाला पाजलं यात असते.

हगवणीची वाट बघू नका

आपल्याकडे पावसाळ्यात सर्वांत जास्त शेळ्या दगावतात त्या हिमोंकस या जंतामुळे. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घेतो, म्हणजे हजार जंत असले तर रोज 50 मिली. 25 किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. हिशेब आपणच करा. एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते, त्यामुळे कुरण दूषित व्हायला वेळ लागत नाही.

या जंतात शेळीला सहसा हगवण लागत नाही, लेंड्या अगदी नीट पडतात. म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि एक दिवस जबड्याखाली पाण्याची थैली लोंबताना दिसते. ही सूज संध्याकाळी चरून आल्यावर जास्त दिसते, सकाळी उतरल्यासारखी वाटते. सकाळी उतरली म्हणून बरी झाली असं समजू नका. रक्त कमी झाल्याची ही उशिराची खूण आहे, त्या शेळीला त्याच दिवशी डॉक्टर दाखवा.

त्याच्या कितीतरी आधी डोळा सांगतो. शेळी उन्हाच्या उजेडात उभी करा. एका अंगठ्याने वरची पापणी खाली आणून डोळा झाका, हलकासा दाब द्या आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढा. आतली त्वचा लाल किंवा चांगली गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर औषधाची वेळ झाली. पांढरट दिसली तर शेळी धोक्यात आहे. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचं पाच रंगांचं कार्ड तयार झालं, जगभर ते वापरतात. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी कळपातल्या प्रत्येक शेळीचा डोळा बघावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. गोचीड, उवा किंवा लिव्हर फ्लूक या यकृतातल्या चपट्या जंतानेही डोळा पांढरा पडतो, तेव्हा अंगही चाचपून बघा.

सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध

ही सवय मोडणं सर्वांत अवघड, कारण वर्षानुवर्षं तसंच सांगितलं गेलं. पण जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात. सगळ्यांना औषध दिलं की ज्यांना ते लागू पडतं ते जंत मरतात आणि न मरणारे तेवढे उरतात. पुढची पिढी त्यांचीच. त्यात औषध पाजल्या पाजल्या कळप नव्या स्वच्छ रानात नेला, तर त्या रानात फक्त औषधाला न जुमानणाऱ्या जंतांची अंडी पडतात. म्हणून ज्यांचा डोळा फिकट, थैली आलेली, अंग उतरलेलं, त्यांनाच द्या. धष्टपुष्ट शेळ्या वगळा. विणीच्या सुमाराला आणि त्यानंतर काही आठवडे शेळीची ताकद कमी पडते, लेंडीतून अंडी जास्त जातात, तेव्हा व्यालेल्या शेळ्यांवर वेगळं लक्ष हवं. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध टाळतात, हेही ध्यानात असू द्या.

अंदाजपंचे डोस

शेळीचं वजन नजरेने नेहमी कमीच धरलं जातं. ताडपत्रीची झोळी करून ताणकाट्याला टांगा, काम होतं. शिवाय बाटलीवर बऱ्याचदा मेंढीचा डोस असतो. शेळीचं शरीर बरीच औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून काही औषधांचा डोस दीडपट-दुप्पट लागतो. पण लेव्हामिसोलसारख्या औषधात जास्तीचा डोस विषारी ठरू शकतो. तेव्हा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

पाजताना तोंड आभाळाकडे करून बाटली ओतू नका, औषध फुप्फुसात जातं. मान सरळ ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मुळापाशी सोडा आणि गिळू द्या.

पहाटेची चराई

जंतांची अळी दवावर गवताच्या पात्यावर चढते आणि बहुतेक जमिनीपासून चार बोटांच्या आतच असते. ऊन चढून दव वाळल्यावर कळप सोडा आणि गवत मुळापर्यंत ओरबाडू देऊ नका. शेळी मुळात वर तोंड करून झाडपाला खाणारी. शेवरी, सुबाभूळ, बोर, बाभूळ टांगून द्या. चारा जमिनीवर टाकला की तीच लेंडी पुन्हा पोटात जाते, गव्हाण उंचावर हवी.

भातखाचरं, डबकी, ओढ्याच्या काठाला गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून लिव्हर फ्लूक येतो. कोकणात हे विशेष जपा. आयव्हरमेक्टिन फ्लूकवर चालत नाही.

करडांची रक्ती हगवण म्हणजे जंत नव्हेत

तीन आठवडे ते पाच महिन्यांच्या करडांना रक्तमिश्रित हगवण लागली तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्या. दाटी आणि ओला गोठा ही त्याची कारणं. जंताच्या औषधाने तो हटत नाही, उपचार वेगळा आहे, आणि पाणी-क्षार लगेच लागतात. दुसरीकडे लेंडीत तांदळासारखे तुकडे दिसले की लोक घाबरतात. तो पट्टकृमी, मोठ्या शेळीला फारसा त्रास देत नाही. डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर औषध जातं आणि न दिसणारा हिमोंकस रक्त पीत राहतो.

बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. निदान दोन आठवडे वेगळी बांधा, औषध द्या आणि लेंडी तपासा.

कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही

औषध चालतंय का हे लेंडीच सांगते. औषध पाजण्याआधी हातमोजा घालून गुदद्वारातून ताज्या लेंड्या काढा, पिशवीची हवा काढून गाठ मारा, शेळीचा बिल्ला क्रमांक लिहा आणि थंड ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. औषधानंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांचा नमुना पुन्हा द्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात बोथट व्हायला लागलंय. मग दुकानात दुसऱ्या नावाची बाटली घेताना आतला घटक वाचा. अल्बेंडाझोल बंद करून फेनबेंडाझोल आणलं तर गट तोच राहतो. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोसँटेल हे वेगळे गट आहेत. त्यातलं कोणतं घ्यायचं ते नमुन्याचा अहवाल दाखवून डॉक्टरांशी ठरवा.